डॉक्टरांच्या मनगटावरचं यंत्र

पुण्याहून नाशिककडे निघालं आणि खेडचा घाट चढून वर आलं की पेठ लागतं. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार ते हेच. पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या बटाट्यासाठी हे पठार ओळखलं जातं. खरिपाचा बटाटा काढणीला आला की इथल्या माणसाला आजारी पडायलाही सवड नसते. अशा दिवसांत पेठ काय, मंचर काय, नारायणगाव काय, कुठल्याही दवाखान्यातल्या बाकावर घटकाभर बसावं. एकच मागणी कानावर येते : "डॉक्टर, एक सुई मारा न् सलाईन लावा. उद्या रानात जायचंय."

घाई खरी असते. एक दिवस घरी बसलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. पण त्या बाटलीत असतं काय? अर्धा लिटर ग्लुकोजच्या सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर शंभर कॅलरी. मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. उलट्यांनी ज्याच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नाही, त्याला हीच बाटली जीवदान देते. नुसत्या थकलेल्या, सर्दीतापाने अंग दुखणाऱ्या माणसाला मात्र तिच्यापेक्षा एक भाकरी आणि वाटीभर कालवण जास्त देऊन जातं.

तरीही सलाईन लावलेला माणूस दुसऱ्या दिवशी ताजातवाना होतो आणि शेजाऱ्याला सांगतो, "त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे." इथे आपली जुनी म्हण उपयोगी पडते : कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. सर्दीताप उतरणारच होता, त्याच दिवशी बाटली लागली. आजाराची स्वतःची एक चाल असते. तो चढतो, टोक गाठतो, उतरतो. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा टोकाला असताना, त्यामुळे त्यानंतर दिलेलं काहीही गुणकारी ठरतं.

गुण औषधाचा की निसर्गाचा, हे ओळखण्याची शिस्त म्हणजेच पुराव्यावर आधारलेलं वैद्यक. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट यांनी १९९१ साली हे नाव रूढ केलं. या शिस्तीचा मूळ प्रश्न अगदी साधा आहे. औषध दिल्यावर बरं वाटलं, हे ठीक. पण दिलंच नसतं तर काय झालं असतं? हा प्रश्न विचारायला मोठं इस्पितळ लागत नाही. गावातल्या डॉक्टरांजवळ त्यासाठी एक यंत्र कायम असतं : मनगटावरचं घड्याळ. भिंतीवरचं कॅलेंडर हे त्याचंच थोरलं भावंड. रोजच्या आजारांतलं कितीतरी निदान या दोघांच्या जोरावर होतं.

दोन सेकंद

जुलाबाचं मूल आलं की डॉक्टर त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट झाली तर अंगात पाणी आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, तर अंगातलं पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत घटलं आहे. अशा मुलाला सलाईनच हवं, तेही ताबडतोब. बाकीच्यांना लिटरभर स्वच्छ पाण्यात कालवलेलं ओआरएसचं पाकीट पुरतं, जोडीला चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या.

ओआरएसची ताकद साऱ्या जगाला पटली ती १९७१ साली. बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. जुलाबावरच्या प्रतिजैविकांचा मात्र बहुतेक मुलांना उपयोग नसतो. शौचातून रक्त पडत असेल किंवा कॉलराचा संशय असेल, तर गोष्ट निराळी.

एक मिनिट

"लेकराला डबा झालाय," असं आपल्याकडे म्हणतात. पोट भात्यासारखं उडतं, नाकपुड्या फुलतात, मूल दूध पीत नाही. हा न्यूमोनिया. कित्येक गावांत याच्यावर पोटाला चटके देण्याची अघोरी रीत होती. डॉक्टरांकडे आणलं, तरी प्रश्न उरायचाच. खोकणाऱ्या शंभर मुलांपैकी साध्या सर्दीची कोणती आणि न्यूमोनियाची कोणती? एक्स-रेचं यंत्र तालुक्याला, मूल पाड्यावर.

उत्तर निघालं घड्याळातून. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया धरून चालायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे आज जगभर वापरले जातात.

गावातल्या अल्पशिक्षित माणसाच्या हाती हे मोजमाप देता येतं, हे दाखवलं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने. साठपर्यंत आकडे मोजताना गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी एक साधन केलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी आला, की औषध सुरू.

या कामाचं मोल कळतं ते त्याच्या मांडणीतून. काही गावांत ही सेवा सुरू केली आणि शेजारच्या तशाच गावांत नेहमीचा कारभार चालू ठेवून दोन्हीकडच्या मुलांच्या आजारांची आणि मृत्यूंची नोंद ठेवली. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. गावातल्या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के भरलं. कावळ्याची आणि फांदीची गाठ सोडवायची ती अशी : एका झाडावर कावळा बसवायचा, शेजारच्या तसल्याच झाडावर बसवायचा नाही, आणि मग मोडलेल्या फांद्या मोजायच्या.

पाच मिनिटं

रक्तदाबाचा पट्टा दंडावर चढवण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. एसटीतून उतरून धापा टाकत आलेल्या माणसाचा दाब मोजला तर तो चढलेलाच दिसणार. एकदा मोजून भागत नाही. मिनिटभराच्या अंतराने पुन्हा, आणि आकडा फारच वर नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर उच्च रक्तदाब म्हणायचं.

ही पाच मिनिटं वाचवली की दोन चुका घडतात. ज्याला आजार नाही त्याला जन्मभराची गोळी लागते. किंवा आकड्यावर विश्वास न बसल्यामुळे, ज्याला आजार आहे तोच गोळी सोडतो. दुसरी चूक जास्त महागात पडते. रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, आणि एके दिवशी अर्धांगवायू घेऊन उभा राहतो. म्हणूनच २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. मोजक्या औषधांचा ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा, एवढाच त्याचा गाभा. नवं औषध शोधण्यापेक्षा आहे ते नेमाने पोचवण्यावर भर.

वीस मिनिटं

जुन्नर-आंबेगावात ऊस, भाजीपाला, गोठे आणि कांद्याच्या चाळी आहेत, म्हणजे उंदीर आहेत, आणि उंदरांमागे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत आणि गावोगाव त्याविषयी सांगत आले आहेत. दंश झालेला एकही माणूस दगावू नये, हे त्यांच्या कामाचं उद्दिष्ट.

इथली पहिली अडचण अशी की साप चावला म्हणजे विष भिनलंच असं नसतं. साप बिनविषारी असू शकतो, विषारी सापही कधी कोरडा चावा घेतो. सरसकट प्रत्येकाला 'सापाची लस', म्हणजे प्रतिविष, टोचावं, तर त्याचीच तीव्र प्रतिक्रिया येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. मग ठरवायचं कसं?

कोरडी, स्वच्छ, नवी काचेची नळी घ्यायची. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त काढून वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती मोडली आहे आणि प्रतिविष लगेच द्यायला हवं. वीज नको, प्रयोगशाळा नको. मात्र नळी प्लास्टिकची चालत नाही आणि साबणाच्या पाण्याने धुतलेलीही चालत नाही, कारण तिच्यात चांगलं रक्तही नीट गोठत नाही. एवढ्याशा चुकीने निदान उलटं होतं.

पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणून रुग्णाला घरी पाठवायचं नसतं. चाचणी पुन्हा पुन्हा करायची, आणि किमान चोवीस तास डोळ्यांखाली ठेवायचं. मण्यारीच्या बाबतीत तर ही नळी काहीच सांगत नाही, कारण तिचं विष जातं नसांवर. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशी पापणी पाहिली की नळीकडे न बघता प्रतिविष द्यायचं. कुठला पुरावा कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे ओळखण्यातच डॉक्टरांचा अनुभव पणाला लागतो.

आपलं काम त्याहून सोपं आहे. आवळपट्टी नको, चिरा नको, मंत्र नको. पाय किंवा हात फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि गाडी थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्याकडे वळवायची.

एक रात्र

घड्याळ हाताशी ठेवून आजार वाचण्याचं आपल्या मातीतलं सर्वांत मोठं उदाहरण कोकणात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने मुलं मरत होती. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा लहानसा तांबूस. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या. त्या निरीक्षणांवरचं त्यांचं लेखन १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं.

नोंदींतून चित्र उलगडलं. विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी गोळी बाजारात होतीच : प्राझोसिन, रक्तदाबाची. ती वेळेत दिली की रुग्ण वाचू लागले. शंभरातल्या तीसेक मृत्यूंचं प्रमाण दोन-चारावर आलं.

पुढची गोष्ट त्याहून शिकण्यासारखी आहे. विंचवाचं प्रतिविष आल्यावर, आपलीच गोळी सरस असं धरून बावस्कर बसले नाहीत. ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, नुसत्या गोळीवरचे १७.७ तासांत. हा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्याच यशाची परीक्षा घेणारा हा तालुक्याच्या गावचा डॉक्टर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पाच दिवस

आता पावसाळ्यातला ताप. ताप आला की दुसऱ्या दिवशी "सगळ्या टेस्टा करा" असा हट्ट होतो आणि संध्याकाळी कागद हातात येतो : टायफॉईड निघाला. बहुतेक वेळा हा कागद विडाल चाचणीचा असतो. फर्नां विडाल यांनी ती १८९६ साली शोधली. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला आठवडाभर लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी खरा टायफॉईडही तिला दिसणार नाही. उलट पूर्वी कधी होऊन गेलेला टायफॉईड किंवा दुसराच एखादा ताप तिच्यात टायफॉईड म्हणून उमटू शकतो. पहिल्या आठवड्यात खरी साक्ष देतं ते रक्ताचं कल्चर, तेही प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेलं.

डेंगीतही तारीख बघावी लागते. एनएस-१ ही चाचणी तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची, प्रतिद्रव्यांची चाचणी त्यानंतर. मलेरियाची मात्र त्याच दिवशी करावी. डेंगीत सगळ्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे धोका ताप चढताना कमी आणि उतरताना जास्त असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तेव्हाच पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळाठा सुरू होतो. हीच परत येण्याची वेळ. तोवर उपचार पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थांचा. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या आणि सुया डेंगीच्या संशयात टाळायच्या, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. 'एक सुई मारा' ही मागणी इथे थेट अंगाशी येऊ शकते.

दोन आठवडे

घसा दुखतोय म्हणून प्रतिजैविक घेतलं तर दुखणं किती लवकर जातं? अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर आहे, सरासरी सोळा तास. औषध न घेता आठवड्याभरात दहापैकी आठ जण बरे होतातच. टॉन्सिलवर पू, गळ्यात दुखऱ्या गाठी, ताप, आणि खोकला अजिबात नाही, असा मेळ जमला तरच जिवाणूंचा संशय धरायचा. आपल्याकडे मुलांच्या घशाच्या अशा आजारातून पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात, म्हणून तिथे पूर्ण मुदतीचं औषध हवंच.

सर्दीनंतरचा खोकला आपल्याला वाटतो त्याहून चिवट. निम्मी मुलं दहा दिवसांत मोकळी होतात, दहापैकी नऊ व्हायला पंचवीस दिवस लागतात. हा आकडा माहीत असलेली आई सातव्या दिवशी तिसरा डॉक्टर गाठत नाही.

पण कॅलेंडर थांबायला सांगतं तसं उठायलाही सांगतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन उतरलं, संध्याकाळी ताप येऊ लागला, की बेडका तपासायलाच हवा. रक्त काढून क्षयाचं निदान करणाऱ्या चाचण्यांचा एके काळी मोठा धंदा होता. त्यांच्यावर विसंबता येत नाही हे सिद्ध झाल्यावर भारत सरकारने २०१२ साली त्यांच्यावर बंदी घातली. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

सहा आठवडे, तीन महिने

दिवसभर वाकून बटाटा वेचला की कंबर धरणारच. अशी बहुतेक दुखणी सहा आठवड्यांत उतरतात, आणि अंथरुणावर पडून राहिल्याने लांबतात. एमआरआयची घाई नको, कारण तो न दुखणाऱ्या कमरेतही दोष दाखवतो. काहीच त्रास नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधली चकती झिजलेली आढळली. जुन्या बैलगाडीचा आख घासलेला दिसतोच, म्हणून गाडी चालायची थांबत नाही. मात्र पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर सहा आठवडे नव्हे, सहा तासही थांबायचं नाही.

मधुमेहाचं घड्याळ तर रक्तातच असतं. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, त्यामुळे तिच्यावर चढलेली साखर मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब सांगते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड सोडून तिला फसवता येत नाही. "आमचा माणूस काटकुळा, त्याला कसली साखर?" हेही खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. वजनाने हलकी दिसणारी आपली बाळं चरबीने तेवढी हलकी नसतात, हे त्यातून कळलं. मधुमेहाची वाट बारीक अंगातूनही जाते ती यामुळे.

या सगळ्यात 'थांबा' हा शब्द पुन्हा पुन्हा आला. थांबणं हेही औषधच आहे आणि त्याचा डोस ठरवून द्यावा लागतो : किती दिवस, आणि काय दिसलं तर त्याआधी. तो न सांगता रिकाम्या हाताने परत पाठवलेला रुग्ण समोरच्या दवाखान्यात जाऊन सुई घेणारच, आणि त्यात दोष त्याचा नाही.

म्हणून पुढच्या वेळी दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर सुई मागण्याआधी दोनच प्रश्न विचारा. "डॉक्टर, औषध न घेता हे किती दिवसांत बरं होतं? आणि काय झालं तर मी त्याच पावली परत यायचं?" उत्तर मिळालं की चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. घरी घड्याळ आणि कॅलेंडर आहेच.